फेअरिंग तुझं, टाळकं माझं

केबल टायशी माझं काही वैयक्तिक भांडण नाही. राउटरच्या वायरी, बाल्कनीतला मनीप्लांट, गणपतीचं मखर, सगळीकडे तो उपयोगी पडतो आणि पडावा. माझं भांडण आहे ते रेस ट्रॅकवर दीड-दोनशेच्या वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलचं अख्खं अंग चार केबल टायवर टांगून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या माणसाशी. तो माणूस अडाणी असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो बहुतेक वेळा माझ्यासारखाच असतो. इंजिनिअरिंगची डिग्री, हिंजवडीत नाहीतर खराडीत नोकरी, आणि वर्षातून तीन-चारदा गाडी टेम्पोत टाकून हजारभर किलोमीटर दक्षिणेला जाण्याइतके पैसे. त्याला सगळं कळतं. तरी तो करत नाही.

ज्यांना हा शौक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट अशा ठिकाणी पैसे भरून आपलीच गाडी पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांमध्ये मनसोक्त पळवायची. रस्त्यावरची गाडी ट्रॅकसाठी तयार करताना आरसे, इंडिकेटर, हेडलाइट काढतात आणि कंपनीचं एबीएस प्लास्टिकचं महागडं आवरण उतरवून (ब्रेकवालं एबीएस वेगळं) तिथे फायबरचं स्वस्त आवरण चढवतात. पडलो तर तुटू दे, हा साधा विचार. या आवरणाला फेअरिंग म्हणतात. मग हेडलाइटच्या जागी जे रिकामं तोंड उरतं तिथून पाइप काढून समोरची हवा थेट एअरबॉक्समध्ये सोडायची, ही पुढची पायरी. दोन्ही गोष्टी रास्त आहेत. प्रश्न एवढाच की हे सगळं गाडीला कशाने धरून ठेवलंय.

आधी हवेच्या पाइपाचा हिशोब करू, कारण पॅडॉकमध्ये सगळ्यात जास्त बढाया त्यावरच मारल्या जातात. समोरची हवा दाबाने आत शिरली की इंजिनाला जास्त हवा मिळते आणि ताकद वाढते, हे तत्त्व खरं आहे. पण किती? हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. उत्तर येतं साधारण १८५० पास्कल. वातावरणाचा दाब असतो एक लाख एक हजारांच्या वर. म्हणजे तुमचा पाइप जगात सगळ्यात आदर्श असला तरी वाढ दोन टक्क्यांच्या आत. ताशी १५० ला तर जेमतेम एक टक्का. आपल्या चाकणला बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० ची ताकद साधारण ४३ अश्वशक्ती. तिच्या एक टक्क्यात अर्धी अश्वशक्तीसुद्धा होत नाही. गाडी आणि चालक मिळून अडीचशे किलो धरले, तर वजन अडीच किलोने कमी करूनही वेग घ्यायला तेवढाच फायदा होतो. दिवाळीच्या फराळावर हात आवरला असता तर हे फुकटात मिळालं असतं.

आता तेच १८५० पास्कल फेअरिंगला लावून बघा. वारा गाडीच्या कडेने वळताना वेग घेतो, त्यामुळे बाजूच्या पॅनेलवरचा बाहेरचा दाब उतरतो. समोरच्या तोंडांतून शिरलेली हवा त्याच पॅनेलला आतून ढकलत असते. आत-बाहेरचा फरक आपण १८५० च्या निम्माच धरू. अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच पॅनेलवर ही ओढ होते सुमारे २३ किलो. बाजारात सर्रास मिळणारा ४.८ मिलिमीटर रुंदीचा केबल टाय साधारण २२ किलो सहन करतो. तोही नवा कोरा असताना, रेडिएटरची धग आणि महिनाभराचं ऊन खाण्याआधी.

‘पण मी चार लावलेत ना!’ लावले असशील. वारा ओढ चौघांत सारखी वाटून देत नाही. तो कड पकडतो. पहिला टाय तुटला की कड उचलली जाते, उचललेली कड शिडासारखी वारा भरून घेते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्याला मोजायलाही वेळ मिळत नाही. ज्या दाबाने इंजिनाला धड अर्धा घोडा दिला नाही, तोच दाब गाडीचं कातडं सोलायला पुरेसा ठरतो. आणि ते कातडं हवेत विरघळत नाही. ते मागून येणाऱ्याच्या वाटेत पडतं.

२५ जुलै २००० ला पॅरिसहून उडालेलं कॉन्कॉर्ड विमान पेटून कोसळलं, हे पुष्कळांनी वाचलेलं असतं. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४, असे ११३ जण गेले. चौकशीत निघालेलं कारण मात्र कमी जणांना ठाऊक असतं. काही मिनिटं आधी त्याच धावपट्टीवरून एक डीसी-१० विमान उडालं होतं आणि त्याच्या इंजिनाच्या आवरणावरची एक धातूची पट्टी तिथे गळून पडली होती. लांबी अर्धा मीटरही नव्हती. कॉन्कॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं, टायर फाटला, टायरचा तुकडा पंखाला खालून धडकला, इंधनाची टाकी फुटली. ती पट्टी मूळची नव्हती, दुरुस्तीत नंतर लावलेली होती, आणि उत्पादकाने सांगितल्या पद्धतीने बनवलेली-बसवलेली नव्हती. जिच्यावरून ती पडली ते विमान अमेरिकेत सुखरूप उतरलं. २०१० मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्या विमान कंपनीला दोषी धरलं. २०१२ मध्ये अपिलात फौजदारी गुन्हा रद्द झाला, भरपाईची जबाबदारी मात्र कायम राहिली.

विमानाचं उदाहरण मोटरसायकलला देणं म्हणजे जरा जास्तच होतंय, असं वाटेल. प्रमाण वेगळं आहे, हे कबूल. भौतिकशास्त्र आणि न्याय तेच आहेत. नंतर लावलेला भाग नीट बसवला नाही तर किंमत लावणारा मोजत नाही, मागचा मोजतो.

गेल्या वर्षी एका ट्रॅकवर हे मी दोन गाड्यांच्या अंतरावरून पाहिलं. सरळ पट्टा संपत आलेला, सगळे ब्रेकवर. माझ्या पुढच्या गाडीचं डावं खालचं पॅनेल आधी फडफडलं, मग मागच्या बाजूने लोंबकळलं आणि सुटलं. माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेलं. माझ्या मागे कोल्हापूरचा एक मुलगा होता, त्याचा तिसराच ट्रॅक-डे. त्याने पॅनेल चुकवायला गाडी झुकवली, ब्रेक दाबलेलाच होता, पुढचं चाक निसटलं. हासळीचं हाड मोडलं, दीड महिना हात गळ्यात. त्याच्या गाडीचं फेअरिंग दहा-बारा मीटर घासत जाऊनही जागच्या जागी होतं, हे मला आजही विसरता येत नाही. आणि ज्याचं पॅनेल उडालं तो पिटमध्ये आला, वाकून बघितलं, ‘च्यायला, टाय तुटला वाटतं’ म्हणाला, आणि टूलबॉक्समधून चार नवे टाय काढले. दुपारच्या सत्रात तो पुन्हा बाहेर होता.

त्याला बोलल्यावर जे ऐकायला मिळालं ते मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. पहिलं, ‘फॉर्मवर सगळ्यांनी सही केलेली असते.’ असते ना. मी सही करतो ती माझ्या वेगासाठी, माझ्या चुकलेल्या ब्रेकिंग पॉइंटसाठी, समोरच्याचा तोल गेला तर त्यासाठीसुद्धा. तुझ्या आळसाचा विमा मी उतरवलेला नाही. दुसरं, ‘तपासणीत पास झाली होती गाडी.’ तपासनीसाकडे सकाळी चाळीस-पन्नास गाड्यांची रांग असते. तो ब्रेक, चेन, टायर, गळती बघतो. पॅनेलच्या आतल्या बाजूला तू काय बांधलंयस ते तो कधी बघणार? तपासणीतून गाडी सुटली म्हणजे ती नीट आहे असं नव्हे, एवढं तरी आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. टेस्ट केस हिरव्या झाल्या म्हणून आपण कोडची शपथ घेतो का?

तिसरं मात्र जरा गंभीरपणे घ्यायला हवं. ‘आपण काय फॅक्टरी टीम आहोत का? हा आपला देशी जुगाड आहे.’

जुगाड या शब्दाची गेल्या काही वर्षांत इतकी आरती ओवाळली गेलीय, पुस्तकं काय, भाषणं काय, की त्याच्याआड काहीही खपतं. विहिरीवरची मोटर तारेने आवळून चालवणारा शेतकरी जुगाड करतो, कारण नवा भाग तालुक्याला मिळत नाही आणि पाणी आजच सोडायचं असतं. तार सुटली तर नुकसान त्याचंच होतं. म्हणून तो रोज संध्याकाळी जाऊन ती तार हाताने ओढून बघतो. ज्याला मी जुगाड म्हणेन त्यात हे रोज संध्याकाळचं जाणं आलंच. पाऊण लाखाचा एक्झॉस्ट, इटलीहून मागवलेले रिअर-सेट, आणि फेअरिंगला किराणा दुकानातले टाय, याला तो शब्द वापरणं म्हणजे त्या शेतकऱ्याचा अपमान आहे. आठ-दहा क्वार्टर-टर्न फास्टनर, रबरी ग्रोमेट आणि रुंद वॉशर हे सगळं मिळून एका ट्रॅक-डेच्या फीपेक्षा कमी पैशांत येतं. पुण्यात नाना पेठेत एक सकाळ घालवली तर अर्ध्याहून अधिक सामान हातात पडतं. पैसे हा मुद्दाच नाही. फास्टनरचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकता येत नाही, हा मुद्दा आहे.

यात आपल्या कॉलेजांचाही वाटा आहे. मेकॅनिकल ड्रॉइंगच्या तासाला षटकोनी बोल्ट तीन बाजूंनी काढून घेतात, पण टॉर्क रेंच हातात न धरता पोरगं चार वर्षांत बाहेर पडतं (आणि माझ्यासारखं जावा लिहायला लागतं). तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: स्प्रिंग वॉशर कशासाठी? अपेक्षित उत्तर: कंपनाने नट ढिला होऊ नये म्हणून. पूर्ण गुण. प्रत्यक्षात गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला आडवे धक्के बसले की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते आणि बोल्ट आपणहून उलगडत जातो. त्याच्या नावाच्या चाचणीत स्प्रिंग वॉशरची दाणादाण उडते. नासाने १९९० मध्ये काढलेल्या फास्टनरच्या मार्गदर्शिकेत तर या वॉशरला लॉकिंगपुरतं निरुपयोगी ठरवलंय. आपली गाईडं अजून तिथेच आहेत आणि आपल्या फेअरिंगवर तेच वॉशर दिमाखात बसलेत.

आडवे धक्के किती? सिंगल सिलिंडर इंजिन ९००० आरपीएमला सेकंदाला १५० वेळा फिरतं. वीस मिनिटांच्या एका सत्रात एक लाख ऐंशी हजार फेरे.

बोल्ट खरा धरून राहतो तो त्याच्यातल्या ताणामुळे. आवळला की तो किंचित लांबतो आणि रबर बँडसारखा दोन्ही बाजूंना ओढून धरतो. इंजिनाच्या लोखंडात हे जमतं. फायबर आणि रबर यांच्या मध्ये जमत नाही, कारण ते दबतात, बसतात, ताण निघून जातो. जास्त आवळलं तर फायबर भोकापाशी तडकतं. म्हणून फेअरिंगच्या बाबतीत ‘घट्ट आवळलंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. तिथे असा जोड हवा जो ताणाशिवायही उलगडणार नाही. नायलॉक नट हा एक. लॉकवायर दुसरा, बोल्टच्या डोक्याला आडवं भोक पाडून पीळ दिलेली तार अशी बांधायची की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला उलट आवळेल. तिसरा, आणि सगळ्यात सुखाचा, क्वार्टर-टर्न फास्टनर. युक्रेनमधून अमेरिकेत गेलेल्या विल्यम झूस नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात विमानांच्या आवरणांसाठी ही कल्पना काढली, म्हणून जगभर त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. पाव फेरा दिला की आतली वाकडी स्प्रिंग खटकन अडकते आणि दाबून धरते. पाव फेरा उलट दिला की सुटतं. फक्त त्याची लांबी पॅनेलच्या जाडीशी जुळलेली हवी, नाहीतर खटका वाजतो आणि पॅनेल तरी डुगडुगतं. डोक्यावर आणि पॅनेलवर मिळून रंगाची एक रेघ मारली की ग्रिडवर उभं राहूनही कळतं, फिरलंय की नाही.

निळं थ्रेडलॉकर मी फेअरिंगवर जवळही येऊ देत नाही. ते धातूच्या आट्यांसाठी आहे. एबीएसवर ओघळलं तर काही दिवसांत भोकाभोवती बारीक चिरा दिसायला लागतात, आणि लोक म्हणतात, प्लास्टिकच भिकार.

खरं काम मात्र फास्टनर घेण्याआधीच सुरू होतं. बाजारातलं फायबर फेअरिंग कधीच भोकाला भोक जुळून येत नाही. मग माणूस काय करतो, एका बाजूचा बोल्ट लावतो आणि दुसरी बाजू गुडघ्याने दाबून ओढून बसवतो. ते पॅनेल ट्रॅकवर जायच्या आधीच ताणाखाली असतं, धक्क्यांनी फक्त तडा पूर्ण होतो. सगळी पॅनेलं आधी चिकटपट्टीने गाडीवर टांगायची, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, सस्पेन्शन दाबून चाक कुठे लागतंय का बघायचं, आणि सगळं मोकळेपणी बसल्यावर सर्वांत शेवटी ड्रिल मारायचं. भोक बोल्टपेक्षा मोठं, त्यात रबरी ग्रोमेट, मागून रुंद वॉशर. भोक कडेपासून त्याच्या व्यासाच्या किमान तिप्पट आत. आणि एकावर एक येणाऱ्या पॅनेलांची रचना घराच्या कौलांसारखी हवी. कोकणात कुणी खालचं कौल वरच्याच्या वर चढवत नाही, कारण पाऊस कुठून येतो ते ठाऊक असतं. इथे वारा पुढून येतो, तेव्हा पुढच्या पॅनेलची कड वर आणि मागच्याची खाली. हे उलटं बसवलेल्या गाड्या मी मोजणं सोडून दिलंय.

केबल टायची एक जागा मलाही मान्य आहे. काही जण फेअरिंगच्या नाकाशी एखादा टाय मुद्दाम लावतात, पडल्यावर तो तुटावा आणि महागडा ब्रॅकेट वाचावा म्हणून. तिथे टाय हा फ्यूज आहे. घरात फ्यूज असतो म्हणून कुणी अख्खं वायरिंग फ्यूजच्या तारेने करत नाही.

हवेच्या पाइपाचा धोका आणखी वेगळा. तो पुढे हँडलच्या शेजारून, थ्रॉटल केबलच्या सोबतीने जातो. टोकाचा क्लँप ढिला झाला तर पाइप सरकून हँडलच्या आड येतो, आणि वळणात हँडल अडलं तर काय होतं हे सांगायची गरज नाही. तपास सोपा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. आरपीएम जागचा हलला, तर केबल ओढली जातेय. अर्ध्या अश्वशक्तीच्या नादात ज्यांनी एअर फिल्टरही काढून टाकलाय, त्यांच्या पाइपात पडलेला एक स्क्रू पुढे कुठे जातो, याचा विचार त्यांनी गॅरेजचं बिल डोळ्यांपुढे आणून करावा.

आणि पोटाखालचं पॅनेल. हे दिसतं सगळ्यात कमी आणि महत्त्वाचं सगळ्यात जास्त. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या सुपरबाइक नियमांत हा खालचा भाग म्हणजे चक्क भांडं आहे. इंजिन फुटलं तर आतलं तेल आणि कूलंट मिळून जेवढं असतं त्यातलं किमान निम्मं त्याने धरून ठेवलं पाहिजे. तळाला २५ मिलिमीटरचं एक भोक ठेवतात, कोरड्या ट्रॅकवर ते बुचाने बंद, पावसात पाणी साचू नये म्हणून उघडं. आमच्याकडे? एक्झॉस्टला लागतंय म्हणून कापलेलं, गरम हवा बाहेर पडावी म्हणून भोकं पाडलेलं, आणि उरलेलं टायने लोंबकळणारं. पॅनेल उडालं तर मागच्या एकाच्या वाटेत येतं. तेल सांडलं तर पुढच्या वळणावर सगळेच येतात.

ट्रॅक-डे भरवणाऱ्यांनी यात हात झटकू नयेत. प्रत्येक गाडीचं पोट उघडून बघा असं मी म्हणत नाही, तेवढी माणसं नसतात हे मलाही दिसतं. एक ओळ छापा: ज्याचं पॅनेल ट्रॅकवर सुटेल त्याचा दिवस संपला, फी परत नाही, पुढच्या वेळी आधी गाडी दाखवायची. दुपारच्या सत्रात चार नवे टाय लावून कुणी बाहेर येणार नाही. आणि सकाळच्या रांगेत ब्रेक-चेन बघून झाल्यावर गाडीमागे दहा सेकंद जास्त द्या. पॅनेलची कड दोन्ही हातांनी धरायची आणि वीस किलोची तांदळाची गोणी उचलावी तशी बाहेर ओढायची. हातात आलं, तर गाडी परत टेम्पोत.